‘म्हणजे तू नुसता पळालास?’

शर्यतीवरून परत आल्यावर सोमवारी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर मी मेडल दाखवलं. मॅनेजरने विचारलं, कसलं? म्हटलं, ट्रायथलॉनचं. पोहणं, सायकल, पळणं. सात जणांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. मग एकाला आठवलं, ‘पण तुला तर पोहता येत नाही ना?’ मी सांगितलं, रिले होती, तिघांची टीम. एकाने पोहायचं, एकाने सायकल चालवायची, शेवटी मी पळालो. ‘अच्छा,’ तो म्हणाला, ‘म्हणजे तू नुसता पळालास?’

पुण्यातल्या माणसाचं मनावर घ्यायचं नाही, हे मुरुडहून पुण्यात गेलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षात शिकतो. मीही घेतलं नाही. पण पुढच्या रविवारी तेच वाक्य मला आमच्याच क्लबच्या मीटिंगमध्ये ऐकू आलं, आणि तिथे ते ठराव होऊन आलं होतं. म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. मुरुड म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो. शर्यतीच्या ठिकाणीही एकाने मला विचारलं, ‘समुद्राकाठचे तुम्ही, पोहायला दुसरा माणूस कशाला लागतो?’ आमचं मुरुड ते नव्हे. आमचं मुरुड लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. आमच्यापासून समुद्र जितका लांब, जवळपास तितकंच पाणीही लांब.

क्लब आहे २६ जणांचा. सकाळी पळणारे, रविवारी सायकली काढणारे. शिक्षक आहेत, औषधाच्या दुकानवाले आहेत, दोन पोलीस आहेत, माझ्यासारखे घरून काम करणारे दोन-तीन आहेत. दर महिन्याला वर्गणी, त्यातून एक फंड. आता या फंडाबद्दल ठराव आलाय. पहिलं कलम : वर्षभराचा सगळा फंड एका सदस्याला परदेशात पूर्ण आयर्नमॅनला पाठवण्यासाठी वापरायचा. दुसरं कलम : रिलेला फंडातून पैसे द्यायचे नाहीत आणि रिले केलेल्यांची नावं क्लबच्या ‘ट्रायथलीट’ यादीत घालायची नाहीत. कारण लिहिलंय : ‘रिले म्हणजे खरी ट्रायथलॉन नव्हे.’

ज्याला पाठवायचं घाटतंय तो माझा मित्र आहे. पहाटे चारला उठून, नोकरी सांभाळून त्याने जी मेहनत केलीय ती मी जवळून पाहिलीय. त्याने जावं, जरूर जावं. माझा विरोध त्या कारणाला आहे. कारण ते कारण खोटं आहे, आणि त्याच्या आडून आम्ही आमच्या क्लबातल्या तीन-चार माणसांना कायमचं दाराबाहेर उभं करणार आहोत.

आधी शर्यत सांगतो. गेल्या हिवाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तलावावर होती. ऑलिंपिक अंतर : दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. आमच्या टीममध्ये पोहायला मामा, सायकलला ताई, पळायला मी.

मामा ४४ वर्षांचे. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली पाणबुडी मोटार बसली की काढायला, दुरुस्त करून परत सोडायला तेच जातात. सगळा क्लब त्यांना मामा म्हणतो आणि आमच्या क्लबात सर्वांत चांगलं पोहणारा माणूस तोच. कुठल्याही कोचकडे न शिकलेला. लहानपणी वडिलांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकललं, पंधरा दिवसांनी बिंडा सोडला, झालं शिक्षण. पंचक्रोशीत कुणी विहिरीत पडलं की अग्निशमनच्या गाडीआधी फोन मामांना येतो. अशा वेळी ते जे बाहेर काढतात ते बहुतेक वेळा जिवंत नसतं. यावर ते फार बोलत नाहीत.

तलावावर सकाळी थंडी होती. आजूबाजूला वेटसूट घातलेले लोक आणि मध्ये मामा, साध्या चड्डीवर, आयोजकांनी दिलेली केशरी टोपी घालून. गॉगल घालण्याची सवय त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच लावून घेतली होती. मला काळजी होती, कारण त्यांचं पोहणं विहिरीतलं : डोकं वर, हात आखूड. पूलमध्ये शिकलेला माणूस ते पाहून हसेल. पण सुरुवातीची शिट्टी वाजली आणि दोनशे मीटरच्या आत पूलमध्ये शिकलेले तीन जण बचावाच्या होडीला धरून दम खाताना दिसले. पूलच्या तळाला निळी फरशी असते, काळी रेघ असते, चार हातांवर भिंत असते. तलावात खाली बघितलं तर काहीच दिसत नाही, आणि त्या काहीच-नसण्याची माणसाला भीती वाटते. मामांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ‘हिरीत खाली बघायचंच नसतं बाबा. वरची कड दिसली पाहिजे.’ डोकं वर असल्यामुळे त्यांना पिवळा बोया सतत दिसत होता आणि ते सरळ रेषेत गेले. ४१ मिनिटं. जलद नाही, पण आमच्या हिशेबापेक्षा चार मिनिटं आधी.

ट्रान्झिशनमध्ये ताई हेल्मेटचा पट्टा लावून उभ्या. पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही असा नियम असतो. मामा धापा टाकत आले, घोट्यावरची वेल्क्रोची पट्टी काढून ताईंच्या घोट्याला बांधली. त्या पट्टीत टायमिंगची चिप असते. रिलेत बॅटन नसतं, ही पट्टीच बॅटन. मामांचे हात गारठ्याने थरथरत होते, वेल्क्रो दोनदा निसटली. ताई वाकून म्हणाल्या, ‘सावकाश बांधा मामा, अर्धा मिनिट गेला तर मी काढते.’

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लहानपणी वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत सायकल शिकल्या. आताची सायकल सेकंडहँड, ४८ हजारांची, त्यातले निम्मे पैसे अजून हप्त्यात आहेत. ४० किलोमीटर त्यांनी एक तास २४ मिनिटांत मारले. दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला या शर्यतीत बंदी असते, म्हणजे सगळा वारा स्वतःच्या छातीवर.

आणि मी? मी दोन तास दहा मिनिटं नुसता उभा होतो.

‘नुसता पळालास’ म्हणणाऱ्यांना हे उभं राहणं माहीत नाही. एकट्याने शर्यत करणारा कुणाची वाट पाहत नाही, त्याची कुणी वाट पाहत नाही. दोन तास मी शौचालयाच्या रांगेत तीनदा जाऊन आलो, बुटाची लेस पाचदा बांधली. ताई आल्या, चिप माझ्या पायाला आली आणि मी जे करायचं नाही तेच केलं. पहिले दोन किलोमीटर ४ मिनिटं ५० सेकंदांच्या वेगाने पळालो. माझा नेहमीचा वेग साडेपाचच्या पुढचा आहे. व्हायचं तेच झालं. सातव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्याच्या कडेला दगडाला पाय लावून उभा राहिलो.

दोन वर्षांपूर्वी एका हाफ मॅरेथॉनमध्ये असाच गोळा आला होता. तेव्हा १४ किलोमीटरवर मी शर्यत सोडली, रिक्षा केली आणि स्ट्राव्हावर काही टाकलं नाही. विषय संपला. माझी शर्यत, मी सोडली. या वेळी सोडता येईना. मामांची ४१ मिनिटं आणि ताईंची ८४ मिनिटं माझ्या पोटरीत अडकली होती. मी थांबलो तर मामा पोहलेच नाहीत, ताईंनी सायकल चालवलीच नाही. निकालात तिघांपुढे ‘अपूर्ण’ एवढंच येणार. मी चालत, लंगडत, मधेच पळत गेलो. १० किलोमीटरला ५८ मिनिटं लागली. एकूण तीन तास सात मिनिटं. आमच्या गटात आम्ही खालून चौथे.

आता ठरावाच्या बाजूने जे सर्वांत मजबूत म्हणणं आहे ते मीच मांडतो, कारण ते खरं आहे. ट्रायथलॉनचा अर्थच असा, की तीनही गोष्टी एकाच शरीराने करायच्या. ४० किलोमीटर सायकल मारून उतरलं की पाय लाकडासारखे होतात. त्या पायांनी पळणं हीच खरी परीक्षा. मी ताज्या पायांनी पळालो. ती परीक्षा मी दिलेली नाही. म्हणून रिले करून स्वतःला ‘आयर्नमॅन’ म्हणवून घेणाऱ्याला टोकायलाच हवं. इथपर्यंत मी ठरावाबरोबर आहे. पण यातून एवढंच निघतं, की रिले वेगळी परीक्षा आहे. ती खोटी किंवा हलकी आहे, हे यातून निघत नाही. एकट्याच्या शर्यतीत शरीर तुम्हाला सोडू पाहतं. रिलेत दोन माणसं तुमच्यावर सोडलेली असतात. दोन्ही ओझीच आहेत, आणि ज्याने एकच उचललंय त्याने दुसऱ्याला वजन सांगू नये.

आयर्नमॅनचा इतिहास तर या शुद्धतेच्या सोवळ्याला फारच गैरसोयीचा आहे. ही कल्पना निघाली हवाई बेटांवर, १९७७ साली. कुठे? ओआहू बेटाला फेरी घालणाऱ्या एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात. आणि ती शर्यत होती रिले, पाच-पाच जणांच्या टीमची! तिथे वाद पेटला की पोहणारे जास्त दमाचे की पळणारे, की सायकलवाले. जॉन कॉलिन्स या नौदलातल्या अधिकाऱ्याने सुचवलं की बेटावर आधीच होत असलेल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडून टाकू. १९७८ मध्ये पहिल्यांदा ती झाली तेव्हा १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. म्हणजे ज्याला आम्ही अखंड, अविभाज्य समजून हार घालतोय, ते मुळात तीन तुकड्यांना मारलेलं टाचण आहे आणि त्याचा जन्म रिलेच्या मांडवात झालाय.

ऑलिंपिकनेही रिलेला सोवळ्याबाहेर ठेवलं नाही. टोकियोत २०२१ च्या जुलैमध्ये ट्रायथलॉनची मिश्र रिले पहिल्यांदा झाली, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे प्रत्येक जण छोट्या अंतराचे तीनही प्रकार करतो, आमच्यासारखी वाटणी नसते. पण गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये आमच्यासारखीच वाटणीची रिले असते. आणि २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू महेंद्र आणि हितेंद्र महाजन यांनी रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीमने पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, आळीपाळीने सायकल चालवत. त्यांना ‘तुम्ही निम्मीच अमेरिका पार केलीत’ असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग मुरुडच्या क्लबालाच रिलेची लाज का वाटते? माझ्या मते याची दोन कारणं आहेत. एक पैसा, दुसरा फ्लेक्स.

पैशाचा हिशेब साधा आहे. एकट्याने ट्रायथलॉन करायची तर एका माणसाकडे रस्त्यावरची चांगली सायकल हवी, हेल्मेट, बूट, ती शर्यतीपर्यंत नेण्याचा खर्च, प्रवेश फी आणि पोहण्याच्या सरावाची जागा हवी. रिलेत तीन माणसांत एक सायकल लागते. फी तिघांत वाटली जाते, गाडीचं डिझेल तिघांत वाटलं जातं. मामांकडे सायकल नाही. मी एकदा त्यांना ताईंची सायकल चालवून बघा म्हटलं तर म्हणाले, ‘नको, पडली तर महिनाभर मोटारी फुकट भरून द्याव्या लागतील.’ रिले नसेल तर मामा ट्रायथलॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर या जन्मात उभे राहणार नाहीत. एकट्याच्या शर्यतीत सगळे समान असतात असं म्हणतात. त्या रेषेपर्यंत कोण पोचतं हे विचारलं की ती समानता संपते. ‘खरी ट्रायथलॉन’ म्हणजे बरेचदा ‘ज्याला परवडते ती ट्रायथलॉन’.

आता फ्लेक्स. मी लातूरचा विद्यार्थी आहे, त्यामुळे हे मला आतून माहीत आहे. लातूर पॅटर्नने आमच्या भागाला खूप दिलं. माझी नोकरी त्याचीच देणगी आहे. पण त्याने आम्हाला यश पाहण्याची एक सवयही लावली : चौकात एकाचा फोटो, खाली गुण, वर नेत्यांचे चेहरे. त्या एकामागे पैसे पाठवणारा बाप, डबे करणारी खाणावळवाली, नोट्स देणारा रूममेट असतो. फ्लेक्सवर मावत नाही म्हणून ते यशाचा भाग नाहीत. आमच्या ठरावाचं पहिलं कलम मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात तो फ्लेक्स दिसला. ‘मुरुडचा पहिला आयर्नमॅन.’ रिलेचा फ्लेक्स होत नाही. तीन फोटो टाकले की कुणाचाच चेहरा मोठा होत नाही.

आमच्याच आजोबांना हे विचित्र वाटलं असतं. पेरणीला एक जण तिफण हाकायचा, एक बाई चाड्यावर मूठ धरायची. तिला कुणी विचारलं नाही, की म्हणजे तू नुसती मूठ धरलीस? घरची माणसं कमी पडली तर सावड व्हायची, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. आणि माझ्या नोकरीत तरी दुसरं काय चालतं? ज्या ॲपवरून तुम्ही जेवण मागवता ते कुठल्या एका माणसाने लिहिलेलं नसतं. मी त्यातला पैसे भरण्याचा भाग लिहितो. ‘म्हणजे तू नुसतं पेमेंट लिहिलंस?’ असं कॉलवरच्या त्या मित्राने मला कधी विचारलेलं नाही, कारण तो नुसतं लॉगिन लिहितो.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या बाजूला ट्रायथलॉनचा प्रश्न शेवटी तिथेच येतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी लातूरला रूम करून राहत होतो, सीईटीचं वर्ष होतं. मांजरा धरण आटलं होतं, नळ कोरडे होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, सुमारे २५ लाख लिटर. कृष्णेचं पाणी मिरजेला वाघिणीत, वाघिणीतून लातूर स्टेशनजवळच्या विहिरीत, तिथून शुद्ध होऊन टँकरमध्ये आणि टँकरमधून आमच्या बादलीत. सुमारे ३४० किलोमीटरची रिले होती ती. शेवटचा टप्पा मीही पळालोय, दोन जिने, दोन्ही हातांत बादल्या. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे खरं पाणी नव्हे.

आता एक गुणाकार करा. ऑलिंपिक आकाराचा तलाव ५० मीटर लांब, २५ रुंद, दोन मीटर खोल धरला तर त्यात मावतं २५ लाख लिटर. म्हणजे एक पूर्ण जलदूत गाडी. साधा २५ मीटरचा पूल, साडेबारा रुंद, दीड मीटर खोल, तर पावणेपाच लाख लिटरच्या आसपास. म्हणजे ती पहिली १० वाघिणींची गाडी. ज्या मुलाने ती गाडी पाहिलीय त्याला पोहण्याचा तलाव मागायला तोंड होत नाही. त्याच उन्हाळ्यात मैदानांच्या पाण्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. खेळाला पाणी की माणसाला, असा प्रश्न आला की खेळाने गप्प बसायचं असतं, हे आम्ही तेव्हाच शिकलो. मराठवाड्याने घडवलेला आजचा सर्वांत मोठा धावपटू, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाला. त्याच्या स्टीपलचेसमध्ये पाणी येतं ते उडी मारून ओलांडण्यापुरतं. आमच्या भागाला साजेसंच.

पण गुणाकार अर्ध्यात सोडू नये. एक एकर उसाला वर्षभरात ढोबळमानाने दोन मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे सुमारे ८० लाख लिटर. २५ मीटरचा पूल एकदा भरला की पाणी गाळून पुन्हा वापरता येतं. बाष्पीभवन, फिल्टर धुणं, गळती सगळं सढळ हाताने धरून वर्षाला १५ लाख लिटर म्हणा. ते झालं साडेसात गुंठे उसाचं पाणी. साडेसात गुंठ्यांपुढे पाचशे मुला-मुलींना पोहायला शिकवायचं की नाही, हा प्रश्न मी क्लबातल्या ऊसवाल्या सदस्यांवर सोडतो.

आणि इथेच मला रिलेचा खरा दोष सांगितला पाहिजे. ठराव मांडणाऱ्यांना तो दिसलेला नाही. रिले आम्हाला पोहण्यापासून सुटका देते. आमच्या २६ जणांपैकी पोहता येतं चौघांना. चौघेही विहिरीत शिकलेले, चौघेही पुरुष, सर्वांत लहान ३९ वर्षांचा. त्यांच्यानंतर विहिरी बोअरवेल झाल्या, उरल्या त्यांत पाणी राहिलं नाही, आणि राहिलं तिथे आईबापांनी पोरांना जाऊ दिलं नाही. ताईंना मी विचारलं, तुम्ही का नाही शिकलात? त्या म्हणाल्या, ‘हिरीवर पोरींना कोण जाऊ देतं? भाऊ शिकला, मी त्याचे कपडे धरून काठावर बसायचे.’ आमची पिढी पाण्याशिवाय वाढली आणि मग एखाद्या पावसाळ्यात नदीला पाणी येतं, पोरं उतरतात आणि फोन मामांना येतो. रिलेत मी मामांना पुढे करून मोकळा झालो. परतीच्या गाडीत मामा सहज म्हणाले, ‘पुढच्या वर्षी तू पोह, मी पळतो. मी काय कायम हिरीत राहू का?’ सगळे हसले. मी हसताना गप्प झालो. आम्ही टीम म्हणत होतो, पण विहिरीत उतरायचं काम दर वेळी एकाच माणसाचं, हे तर क्लबाबाहेरही असंच चालतं.

म्हणून रिले वगळण्याऐवजी तिला एक अट घाला, अशी माझी दुरुस्ती आहे. क्लबच्या फंडातला निम्मा वाटा रिलेच्या टीमना. अट अशी, की लागोपाठ दोन वर्षं कुणीही एकच टप्पा करायचा नाही. या वर्षी जो पळाला त्याने पुढच्या वर्षी सायकल चालवायची किंवा पोहायचं. तीन वर्षांत प्रत्येकाचे तीन टप्पे होऊ शकतील; तेव्हा त्यातल्या कुणाला तिन्ही सलग करावेसे वाटले तर तो कुणाच्या फ्लेक्सशिवाय आयर्नमॅनही होईल. प्रत्येक टीममध्ये निदान एक स्त्री. आणि रिलेच्या पैशातूनच मार्चपर्यंत, जोवर पाणी आहे तोवर, ज्या शेतकऱ्याची विहीर बांधीव आणि पायऱ्यांची आहे त्याच्याकडे रविवारी शिकण्याचा वर्ग. पुरुषांची वेळ वेगळी, बायकांची वेगळी, दोर, ट्यूब आणि काठावर कायम दोन पोहणारे. मामांना त्याचे पैसे द्यायचे. मानधन वगैरे शब्द नको, सरळ पैसे. मोटार काढायचे ते घेतात, माणूस घडवायचे का नाही घ्यायचे?

उरलेला निम्मा फंड माझ्या मित्राला. त्याला अर्धेच पैसे मिळतील याचं मला वाईट वाटतं. तो नाराज झाला तरी त्याने हे वाचून नाराज व्हावं, माझ्या पाठीमागे ऐकून नाही. आणि त्याने एक आठवावं. पहाटे चारला हायवेवर तो सायकल काढतो तेव्हा मागे मोटरसायकलचा दिवा धरून कोण असतं? आळीपाळीने आम्हीच असतो. त्याची एकट्याची शर्यतही रिलेच आहे, फक्त त्यात चिप एकाच पायाला आहे.

मीटिंग येत्या रविवारी सकाळी साडेसातला आहे, पळून आल्यावर, नेहमीच्या चहाच्या गाड्यावर. मतदान हात वर करून. ताई ठरावाविरुद्ध आहेत. मामांना यायला जमणार नाही, ढोकीकडे एका विहिरीत मोटार अडकलीय. मी म्हटलं, मग तुमचं मत? ते म्हणाले, ‘तू दे की माझं. तुला चिप बांधायला जमतंय.’